सैतान, कॅसेट आणि सत्तर टक्के अमेरिका

टी वेस्ट या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'द हाऊस ऑफ द डेव्हिल' (२००९) सुरू होतो तो एका पाटीने. पाटी म्हणते, १९८०च्या दशकात सत्तर टक्क्यांहून जास्त प्रौढ अमेरिकनांचा अत्याचारी सैतानपूजक पंथांच्या अस्तित्वावर विश्वास होता. आणखी तीस टक्के म्हणायचे की पुरावे सापडत नाहीत कारण सरकार ते दडपतंय. आणि मग नेहमीचंच, पुढची गोष्ट सत्य घटनांवर आधारित वगैरे.

आता जरा बेरीज करून बघा. सत्तरहून जास्त अधिक तीस. म्हणजे "अहो, पुरावे नाहीत कारण असं काही नाहीच" असं म्हणणारा अख्ख्या अमेरिकेत एकही माणूस शिल्लक राहत नाही! पहिल्यांदा बघताना मी हसलो आणि पुढे गेलो. नंतर त्या दशकाबद्दल वाचत गेलो तसतसं हसू कमी होत गेलं.

पण आधी सिनेमाबद्दल, कारण सिनेमा झकास आहे. सामंथा नावाची कॉलेजातली मुलगी. रूममेटला कंटाळून तिने भाड्याचं घर बघितलंय, पण खात्यात पैसे नाहीत. बेबीसिटर हवी अशी जाहिरात दिसते, ती सार्वजनिक फोनवरून नंबर फिरवते. रात्री चंद्रग्रहण, गावाबाहेरचं जुनं घर, आणि तिथे पोचल्यावर कळतं की सांभाळायला बाळ नाहीच, एक म्हातारी आहे. मानधन वाढत वाढत चारशे डॉलरवर जातं, तिथेच कुठल्याही शहाण्या माणसाने पळ काढला असता. ही थांबते. आणि मग एक जबरदस्त धक्का सोडला तर बराच वेळ काही म्हणजे काहीच होत नाही. ती वॉकमन लावून घरभर नाचते, पिझ्झा मागवते, बंद दारं उघडून बघते. आपण मात्र खुर्चीत आकसत जातो.

हे सगळं १६ एमएम फिल्मवर चित्रित केलंय. पिवळ्या अक्षरांची श्रेयनामावली, मध्येच गोठणारी फ्रेम, हळूहळू जवळ जाणारे झूम. घरमालकीण म्हणून आहे डी वॉलेस, म्हणजे 'ई.टी.' (१९८२) मधली आई. डीव्हीडीबरोबर सिनेमा चक्क व्हीएचएस कॅसेटवरही काढला होता. कोणी नाव-साल न सांगता दाखवला तर १९८३ चा समजून बघाल, असा.

या रेट्रो प्रकाराची गंमत अशी की आज ज्याला आपण 'ऐंशीचा लुक' म्हणतो तो तेव्हा कोणाचा लुक नव्हता, ती पैशांची चणचण होती. जॉन कारपेंटरचा 'हॅलोविन' (१९७८) घ्या, ऐंशीच्या भयपटांचा खापरपणजोबा. खर्च साधारण सव्वातीन लाख डॉलर. गोष्ट इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची, शूटिंग कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत. मग पानगळ कुठून आणणार? पानं रंगवली, रस्त्यावर पसरली, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा पसरली. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून दोनेक डॉलरला आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या विल्यम शॅटनरचा मुखवटा, पांढरा रंग फासलेला. वाद्यवृंद परवडणार नव्हता, म्हणून कारपेंटरने संगीत स्वतःच केलं, सिंथेसायझर आणि पियानोवर, पाच मात्रांच्या त्या बेचैन ठेक्यात. सॅम रायमीचा 'इव्हिल डेड' (१९८१) १६ एमएमवर केला, कारण ते स्वस्त. आणि हे सिनेमे घरोघरी पोचले ते भाड्याच्या कॅसेटवरून. हजार वेळा चाललेल्या, रेघा पडलेल्या, रंग विटलेल्या.

म्हणजे तेव्हाच्या लोकांनी जे नाइलाजाने केलं ते आज आपण मुद्दाम, जास्त खर्च करून करतो. 'स्ट्रेंजर थिंग्ज' (२०१६) डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाली आणि फिल्मचे दाणे नंतर चढवले. थोडं विषयांतर, पण आमच्या धंद्यातली गोष्ट आहे म्हणून सांगतो. फिल्मचे दाणे हा व्हिडिओ कॉम्प्रेशनचा शत्रू. दाणे प्रत्येक फ्रेमला बदलतात, त्यामुळे मागच्या फ्रेमवरून पुढचीचा अंदाज करणं फसतं आणि डेटा फुगतो. म्हणून एव्ही१ या कोडेकमध्ये अशी सोय केलीय की पाठवताना दाणे काढून टाकायचे, ते साधारण कसे होते याची चार आकड्यांची वर्णनं सोबत द्यायची, आणि तुमच्या फोनवर तसेच दिसणारे नवे दाणे तयार करायचे. म्हणजे आधी डिजिटल चित्रावर नकली दाणे चढवा, मग ते काढा, मग नकलीची नकल करा. १९८१ मधल्या रायमीला हे सांगितलं असतं तर तो वेडाच झाला असता.

असो. 'इट फॉलोज' (२०१४) या बाबतीत जास्त हुशार. डिट्रॉइटच्या उपनगरात जुने खोकेटाइप टीव्ही आहेत, त्यावर कृष्णधवल सिनेमे चालू आहेत, डिझास्टरपीसचं सिंथवालं संगीत कारपेंटरची आठवण करून देतं, आणि एका मुलीच्या हातात शिंपल्याच्या आकाराचं ई-बुक रीडर आहे, जे कुठल्याच काळात नव्हतं! काळ कुठला ते कळूच देत नाही. बाकीच्या बऱ्याच रेट्रो सिनेमांत ऐंशीचं दशक म्हणजे निऑन दिवे, सायकलवरची पोरं, आर्केडमधले गेम आणि वॉकमन. लग्नातल्या फोटोबूथसारखं. टोपी घाला, फोटो काढा, टोपी ठेवून द्या.

आता त्या पाटीकडे येतो. कारण वॉकमन-बिकमन सोडा, त्या दशकातली खरी भीती त्या पाटीत आहे.

१९८० मध्ये 'मिशेल रिमेंबर्स' नावाचं पुस्तक आलं. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ लॉरेन्स पॅझडर आणि त्यांची पेशंट मिशेल स्मिथ यांनी मिळून लिहिलेलं. उपचारांदरम्यान तिला म्हणे लहानपणीच्या विसरलेल्या आठवणी परत आल्या: सैतानपूजकांनी केलेला छळ, ऐंशीहून जास्त दिवस चाललेला विधी, स्वतः सैतानाचं दर्शन. ती त्या काळात शाळेत इतके दिवस गैरहजर असल्याचं कधीच दिसलं नाही. (डॉक्टर आणि पेशंटने पुढे लग्न केलं. यावर मी काही बोलत नाही.) पुस्तक मात्र खपलं, आणि अशा आरोपांना एक साचा मिळाला.

मग १९८३. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात मॅकमार्टिन नावाची बालवाडी होती, एक कुटुंब चालवायचं. एका आईने तिथल्या शिक्षकाविरुद्ध तक्रार केली. पोलिसांनी काय केलं, तर सुमारे दोनशे पालकांना पत्र पाठवलं: अमुक शिक्षकावर संशय आहे, तुमच्या मुलाला विचारा की असं असं काही झालं का. पत्रात कृत्यांची यादीसुद्धा दिलेली! टेस्टिंग केलेल्या कोणालाही इथे घाम फुटेल. उत्तर काय हवंय ते प्रश्नातच लिहून दिलंय, आणि प्रश्न विचारणारे आहेत घाबरलेले आईबाप.

पुढे एका संस्थेत शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. हातात बाहुल्या देऊन, "बाकीच्या मुलांनी तर सांगितलंय, तूही हुशार आहेस ना?" अशा वळणाने. नाही म्हटलं की पुन्हा विचारायचं, हो म्हटलं की शाबासकी. चार-पाच वर्षांचं पोर किती वेळ नाही म्हणेल? मग गोष्टी वाढत गेल्या. शाळेखाली गुप्त भुयारं आहेत. शिक्षक हवेत उडतात. एका मुलाला फोटोंचा संच दाखवला, तर त्याने गुन्हेगार म्हणून चक नॉरिसकडे बोट दाखवलं. हो, तोच, ॲक्शन हिरो. १९८५ मध्ये पालकांनी फावडी घेऊन शाळेशेजारची जागा खणली, मग सरकारी वकिलांनी पुरातत्त्वाचं काम करणारी कंपनी लावली. भुयार मिळालं नाही.

१९८४ मध्ये सात जणांवर आरोप ठेवले होते, १९८६ मध्ये पाच जणांवरचे मागे घेतले. उरलेल्या दोघांचा खटला १९८७ ते १९९० चालला. एकूण खर्च सुमारे दीड कोटी डॉलर. शिक्षा कोणालाही नाही. मुख्य आरोपी मात्र तोवर पाच वर्षं तुरुंगात काढून बसला होता. आणि ती मुलं? त्यांच्यातली काही ज्या आठवणी घेऊन मोठी झाली त्या खऱ्या की मोठ्यांनी भरवलेल्या, हे त्यांचं त्यांना तरी कसं कळावं. १९९२ मध्ये एफबीआयच्या केनेथ लॅनिंग यांनी अहवाल लिहिला. संघटित सैतानपूजक टोळ्यांनी केलेल्या बळींचे आरोप वर्षानुवर्षं होत आले, पण त्यांना दुजोरा देणारा पुरावा मिळत नाही, असा त्याचा सूर. पण अहवाल वाचतो कोण?

अटलांटिकच्या पलीकडे ब्रिटनमध्ये हीच भीती थेट कॅसेटवर घसरली. व्हिडिओ नवीन होता, थिएटरला सेन्सॉर होता, कॅसेटला नव्हता. वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं 'व्हिडिओ नॅस्टी'. बंदीच्या यादीत वेगवेगळ्या वेळी मिळून ७२ सिनेमे आले. पोलीस दुकानांवर धाडी घालून कॅसेटी उचलून न्यायचे, एका वितरकाला तर तुरुंगात जावं लागलं. मोहिमेच्या पुढारी मेरी व्हाइटहाऊस 'इव्हिल डेड'ला यादीत एक नंबर देत. शाळकरी मुलं हे सिनेमे सर्रास बघतात असं एक सर्वेक्षण गाजलं. मग काही अभ्यासकांनी मुलांना अस्तित्वातच नसलेल्या सिनेमांची नावं दिली, आणि बऱ्याच पोरांनी तेही पाहिल्याचं ठोकून दिलं. :) १९८४ मध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज ॲक्ट आला.

या कायद्याचा शेवट ऐकण्यासारखा आहे. २००९ मध्ये, म्हणजे 'हाऊस ऑफ द डेव्हिल'च्याच वर्षी, ब्रिटिश सरकारच्या लक्षात आलं की हा कायदा करताना तो युरोपियन कमिशनला कळवायचा राहूनच गेला होता. त्यामुळे पंचवीस वर्षं तो अंमलात आणण्याजोगा नव्हताच! २०१० मध्ये घाईघाईने तोच कायदा पुन्हा संमत केला. एक ईमेल न पाठवल्याने प्रॉडक्शन पडतं तसं.

प्रानो बेली-बाँडचा 'सेन्सॉर' (२०२१) याच काळातला, १९८५ चा. एनिड दिवसभर कापाकापीचे सिनेमे बघून कुठलं दृश्य ठेवायचं ते ठरवते. बाहेर एक खून होतो आणि वर्तमानपत्रं म्हणतात, हिने पास केलेला सिनेमा बघून झाला. लहानपणी तिची बहीण हरवलीय, काय झालं ते हिला आठवत नाही. एका सिनेमातली नटी तिला आपली बहीण वाटू लागते आणि शेवटाकडे चौकट टीव्हीच्या आकाराची होत जाते. न आठवणारी आठवण आणि ती भरून काढायची घाई! मला वाटतं, रेट्रो लुक कशासाठी वापरायचा हे या बाईला बाकी सगळ्यांपेक्षा नीट कळलंय.

तर मग टी वेस्टचं काय? त्याच्या २००९ च्या सिनेमात (स्पॉयलर येतायत, सांभाळून) सैतानपूजक खरेच निघतात. भयपट म्हणून ठीक, पण म्हणजे पाटीवरचे सत्तर टक्के बरोबर होते असा हिशोब होतो, आणि त्यांच्यापायी तुरुंगात गेलेली खरी माणसं हिशोबात येतच नाहीत. पंधरा वर्षांनी तोच दिग्दर्शक 'मॅक्झीन' (२०२४) घेऊन परत १९८५ मध्ये जातो. लॉस एंजेलिस, 'नाइट स्टॉकर'ची दहशत. हा खरा खुनी होता आणि त्याने कोर्टात हातावरची पंचकोनी चांदणी दाखवली होती, तेव्हा भीतीला अगदीच आधार नव्हता असंही नाही. सिनेमात प्रेतांवर अशाच चांदण्या डागलेल्या सापडतात. पण खून कोण करतंय? सैतानाचे भक्त नव्हेत. हॉलिवूड आपली पोरं नासवतंय म्हणून पेटलेला एक धर्मोपदेशक आणि त्याची माणसं. नायिकेचा बापच तो.

त्याआधी 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या चौथ्या पर्वानेही (२०२२) हेच केलं होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारा, केस वाढवलेला एडी गावाला सैतानाचा हस्तक वाटतो आणि बास्केटबॉलचा कप्तान सभेत उभा राहून जमाव पेटवतो. सायकली आणि निऑनच्या पलीकडे ही मालिका गेली ती इथे.

हा बदल का झाला? माझा अंदाज असा की मधल्या काळात ती पाटी पुन्हा खरी व्हायला लागली. डिसेंबर २०१६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात एक माणूस रायफल घेऊन घुसला आणि त्याने गोळ्या झाडल्या. तळघरात मुलं कोंडून ठेवलीयत असं त्याने इंटरनेटवर वाचलं होतं. दुकानाला तळघरच नव्हतं. मॅकमार्टिनची भुयारं तेहतीस वर्षांनी दुसऱ्या किनाऱ्यावर निघाली म्हणायची. यानंतर सैतानपूजकांचा पंथ नुसता मजेचा मसाला म्हणून वापरणं वेस्टला जड गेलं असेल तर नवल नाही.

बघायचेच असतील तर क्रम सांगतो. 'हाऊस ऑफ द डेव्हिल' रात्री एकट्याने. मग 'सेन्सॉर', तो दुसऱ्या दिवशी, लागोपाठ नको. 'मॅक्झीन' शेवटी, सिनेमा म्हणून तिघांत तो जरा सैलच आहे, मध्यंतरानंतर तर फारच. आणि 'हॅलोविन' अजून पाहिला नसेल तर आधी तो. झाडांकडे लक्ष ठेवा, जमिनीवर पानांचा सडा आणि वर फांद्या हिरव्यागार.