भोरचा दिवाणखाना आणि विलायती खुर्ची

भाटघरच्या धरणाला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचे नाव मिळाले आणि इंग्रजी अंमलाची खूण वेळवंडीच्या खोऱ्यात दगडात कोरली गेली. परंतु त्याच्या कितीतरी आधी इंग्रज या मुलुखातील घरांत शिरला होता, तो खुर्चीच्या रूपाने.

1790 साली पुण्याच्या दरबारात सवाई माधवरावांशी तह झाला, त्या प्रसंगाचे चित्र जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने 1805 मध्ये पुरे केले. त्यात इंग्रज वकील मॅलेट जमिनीवरच्या बैठकीवर बसलेला दिसतो. यजमानाची रीत तेव्हा पाहुण्याला पाळावी लागे. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, 1820 मध्ये भोरच्या पंतसचिवांशी इंग्रजांचा करार झाला आणि पाहुणाच वरचढ ठरला. आता साहेबाला मांडी घालायला कोण सांगणार?

भोरचा आजचा राजवाडा 1869 सालचा. चौक आणि सागवानी काम यांत तो मराठी वाडाच आहे. दरबाराच्या दालनात मात्र पाश्चात्त्य वळणाचे खांब आणि कमानी उभ्या राहिल्या. त्या काळात ठिकठिकाणच्या संस्थानी वाड्यांतून अशीच सरमिसळ झाली.

वाचकांस वाटेल, चार खुर्च्या आल्या तर एवढे काय बिघडले? पण खुर्ची एकटी येत नाही. आपल्या वाड्यांची रचना जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या मापाची होती. खिडकीचा उंबरा गुडघ्याखाली, म्हणजे लोडाला टेकलेल्याच्या तोंडावर वारा यावा; कोनाडा बसल्या हाताला लागेल असा; समईचा उजेड पोथीवर पडेल इतक्या उंचीचा. माणूस हातभर वर बसला की हे सारे मोजमाप चुकते. पानदान ठेवायला मेज लागते, मेजावर उजेड हवा म्हणून छताला हंड्या-झुंबरे टांगावी लागतात, तसबिरी वर चढतात, खिडकीला पडदा येतो. पायांतले जोडेही मग दाराबाहेर राहीनासे होतात.

हा सारा थाट पुढच्या दालनापुरता. मागच्या चौकात पाट, ताट आणि सोवळे जसेच्या तसे राहिले. घरातील बायका त्या गुबगुबीत कोचावर कधी निवांत टेकल्या असतील, असे मला वाटत नाही. पाहुण्यांसाठी सजवलेली आणि घरच्यांना परकी अशी खोली, ही या शैलीने आपल्याला दिलेली खरी देणगी! काचेच्या कपाटात बशा मांडून ठेवणाऱ्या आणि साध्या भांड्यात जेवणाऱ्या आपल्या आजी-आजोबांच्या घरांनाही ती लागू पडते.

गंमत अशी, की ज्याला आपण विलायती म्हणतो त्यातले पुष्कळसे इथूनच गेलेले होते. फुलाफुलांचे पडदे आणि खुर्च्यांचे अभ्रे ही इंग्रजी घराची खूण. ते कापड म्हणजे आपली छींट. तिने इंग्लंडला एवढे वेड लावले, की तिथल्या विणकरांचे पोट वाचवण्यासाठी संसदेने 1701 पासून तिची आयात रोखली. पुढे 1721 च्या कायद्याने तर छापील सुती कापड अंगावरच नव्हे, पलंग, खुर्ची आणि पडद्यालाही वापरण्यास बंदी केली. ती 1774 मध्ये उठली. पुढे हेच फुलांचे कापड गिरण्यांत छापून आपल्याला विकले गेले. ‘बंगला’ हा शब्दही बंगालचा. दिवाणखाना फारसी, खुर्ची अरबी, तर अलमारी आणि बाक हे शब्द इंग्रजांच्या आधीच पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरवलेले.

8 मार्च 1948 रोजी भोर संस्थान विलीन झाले. राजवाड्याच्या दालनांत पुढे चित्रपटांचे दरबार भरू लागले. गावोगावचे लहान वाडे मात्र वाटण्यांत आणि पावसात खचत आहेत. त्यांच्या नक्षीदार चौकटी जुना बाजारवाला घेऊन जातो, आणि शहरातील हौशी माणसे त्यांवर काच बसवून कोचासमोरचे मेज करतात.