सरासरी पीक-उत्पन्नाचे प्रतिदर्शी आकलन

एखाद्या प्रदेशातील सर्व शेतांचे पीक न मोजता, निवडक शेतांतील थोड्या क्षेत्राची प्रत्यक्ष कापणी करून त्या प्रदेशाचे दर एकरी अथवा दर हेक्टरी सरासरी उत्पन्न ठरविण्याची पद्धती. व्यवहारात ती ‘पीक कापणी प्रयोग’ या नावाने ओळखली जाते. सांख्यिकीच्या परिभाषेत त्या पिकाखालील सर्व शेतांचा समूह ही समष्टी, मोजणीसाठी निवडलेली शेते हा प्रतिदर्श आणि सरासरी म्हणजे माध्य होय. प्रतिदर्शाच्या माध्यावरून समष्टीच्या माध्याचे आकलन करणे हा प्राथमिक सांख्यिकीतील अगदी आरंभीचा प्रश्न असून पाठ्यपुस्तकांत तो एक-दोन सूत्रांत संपतो. भारतात मात्र या एका आकड्यावर शेतसाऱ्याची तहकुबी, दुष्काळाची घोषणा, धान्याची आयात आणि अलीकडे पीकविम्याची भरपाई अवलंबून राहिली. त्यामुळे त्याच्या मोजणीची पद्धती हा येथे बराच काळ वादाचा विषय होता.

आणेवारी : ब्रिटिश अमदानीत पिकाचा अंदाज तीन संख्यांच्या गुणाकाराने काढीत. पिकाखालील क्षेत्र, दर एकरी ‘प्रमाण’ उत्पन्न आणि त्या वर्षाच्या पिकाची स्थिती दर्शविणारा अंक, अशा या तीन संख्या होत. यांपैकी क्षेत्राची नोंद रयतवारी प्रदेशांत गावकामगारांच्या दप्तरात बऱ्यापैकी विश्वसनीय असे. पिकाची स्थिती मात्र नजरेने ठरवीत. मुंबई इलाख्यात पूर्ण पीक सोळा आणे धरून उभे पीक त्याच्या किती आणे आहे हे सांगण्याची रीत होती व तीवरून ‘आणेवारी’ हा शब्द रूढ झाला. दशमान नाणेपद्धतीनंतर तिची ‘पैसेवारी’ झाली आणि पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी म्हणजे टंचाई हा संकेत महाराष्ट्रात दृढ झाला.

नजर-अंदाजाचा दोष केवळ ढोबळपणाचा नव्हता. सोळा आणे पीक म्हणजे नेहमीचे, चांगले की उत्तम, यावर एकमत नसल्याने मापाचा दंडच हलता होता. शिवाय चांगल्या वर्षी अंदाज कमी आणि वाईट वर्षी जास्त, असा तो नेहमीच्या आकड्याकडे ओढला जाई. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचे मूळ याच मोजमापात होते. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असल्यास त्या वर्षाची सारावसुली पूर्ण तहकूब व्हावी असा नियम होता. पीक चार आण्यांच्या खाली आहे असे शेतकरी म्हणत होते, तर ते त्याहून वर आहे असे सरकारी अंमलदार म्हणत होते. दोन्ही बाजूंचे आकडे डोळ्यांनी ठरविलेले असल्यामुळे त्यांचा निवाडा करील असे तिसरे साधन उपलब्ध नव्हते.

प्रमाण उत्पन्न ठरविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कापणीचे प्रयोग होत असत, हे खरे. परंतु त्यांसाठी शेत निवडताना अधिकारी ‘सरासरी दिसणारे’ शेत शोधीत असे. ज्या सरासरीचा शोध घ्यावयाचा तीच आधी ठाऊक असल्याचे गृहीत धरणारी ही पद्धती होती. तिच्यातील चूक किती असावी हे काढण्याचाही मार्ग तिच्यात नव्हता.

यदृच्छ निवड : या रीतीला पहिला महत्त्वाचा छेद भारतीय सनदी सेवेतील अधिकारी जे. ए. हबॅक यांनी दिला. बिहार व ओरिसा प्रांतात १९२३–२५ या काळात त्यांनी भातपिकाचे जे प्रयोग केले, त्यांत कापणीची जागा अधिकाऱ्याच्या पसंतीवर न सोडता यदृच्छ रीतीने, म्हणजे प्रत्येक जागेला निवडले जाण्याची संधी राहील अशा तऱ्हेने, ठरविण्यावर भर होता. एकराच्या १/३,२०० इतके, म्हणजे सु. १३·६ चौ. फूट क्षेत्र बंदिस्त करणारी त्रिकोणी चौकट ते वापरीत. त्यांचा वृत्तांत १९२७ मध्ये पुसा येथील कृषी संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील रॉदम्स्टेड येथील आपल्या प्रतिदर्शी कामावर हबॅक यांच्या प्रयोगांचा प्रभाव पडल्याचे सर रॉनल्ड फिशर (१८९०–१९६२) यांनी पुढे मान्य केले. हबॅक नंतर ओरिसाचे गव्हर्नर झाले. पण सांख्यिकीच्या इतिहासात त्यांचे स्थान आहे ते या चौकटीमुळे.

यदृच्छ निवडीचा लाभ दुहेरी असतो. एक तर प्रतिदर्शाचे माध्य सारखे एकाच बाजूस झुकत नाही. दुसरे असे की, त्यातील संभाव्य चूक प्रतिदर्शाच्या आधारेच काढता येते. निरीक्षणांचे प्रमाण विचलन त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागले असता माध्याची प्रमाण त्रुटी मिळते. समजा, गहू पिकविणाऱ्या एका तालुक्यातील १६ शेतांचे माध्य हेक्टरी १२ क्विंटल व प्रमाण विचलन ४ क्विंटल आले. प्रमाण त्रुटी ४ भागिले ४, म्हणजे १ क्विंटल होईल. ती अर्ध्यावर आणावयाची तर १६ ऐवजी ६४ शेते कापावी लागतील, कारण चूक शेतांच्या संख्येच्या नव्हे तर तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. प्रतिदर्श लहान असल्यास आणखी सावधगिरी लागते. डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मिती संस्थेतील विल्यम गॉसेट (१८७६–१९३७) यांनी १९०८ मध्ये ‘स्टूडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात दाखविले की, थोड्या निरीक्षणांवरून काढलेले प्रमाण विचलनही अनिश्चित असते आणि त्यासाठी विश्वास-मर्यादा रुंदावणे भाग आहे. वरील उदाहरणात पंच्याण्णव टक्के विश्वासासाठी १६ शेतांवरून माध्याच्या दोन्ही बाजूंस २·१ क्विंटलची मर्यादा मिळते. केवळ ४ शेते असती तर तीच मर्यादा ६·४ क्विंटल झाली असती. म्हणजे उत्पन्न साडेपाच क्विंटल की अठरा, हेही निश्चित सांगता आले नसते.

महालनोबीस आणि सुखात्मे : प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांनी कलकत्ता येथे १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९३७ पासून बंगालमधील तागाच्या पिकाची प्रतिदर्शी पाहणी हाती घेतली. तिच्यासाठी इंडियन सेंट्रल ज्यूट कमिटीने साहाय्य दिले. बंगालमध्ये कायमधारा असल्याने क्षेत्राच्या गावनोंदीही भरवशाच्या नव्हत्या, त्यामुळे क्षेत्र व उत्पन्न दोन्ही प्रतिदर्शावरूनच काढावी लागत. आधी लहान प्रमाणावर चाचणी-पाहणी करावी, तिच्यावरून खर्च व चूक यांचा संबंध काढावा आणि मगच पाहणीची आखणी ठरवावी, ही शिस्त महालनोबीस यांनी घालून दिली. एकाच प्रदेशात पाहणी करणाऱ्यांच्या दोन स्वतंत्र तुकड्या पाठवून त्यांच्या निष्कर्षांची तुलना करणे, ही त्यांची परस्परव्याप्त प्रतिदर्शांची कल्पना विशेष मोलाची ठरली. माणसाच्या हातून होणाऱ्या चुका गणिताच्या सूत्रांत दिसत नाहीत. त्या अशा तुलनेतूनच उघड होतात.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात प्रांतात तांदूळ नेमका किती आहे याविषयी शासनाजवळ विश्वसनीय आकडा नव्हता. त्यामुळे पीक-आकलनाच्या प्रश्नाची निकड सर्वांनाच जाणवली. या सुमारास भारतीय कृषी संशोधन परिषदेत (त्या वेळी साम्राज्य कृषी संशोधन परिषद) सांख्यिकीचे काम पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांच्याकडे होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेल्या सुखात्मे यांचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व नंतर लंडन येथे झाले होते. परिषदेने वि. गो. पानसे यांच्या सहकार्याने वऱ्हाडात कापसाच्या आणि अन्यत्र गहू व भाताच्या पाहण्या केल्या. त्यांत तालुका हा स्तर, त्यातील यदृच्छ निवडलेली गावे, गावातील यदृच्छ शेते आणि शेतातील एक यदृच्छ प्लॉट अशी पायरीपायरीची निवड असे.

दोन्ही पक्ष यदृच्छ निवडीविषयी एकमताचे होते. मतभेद होता तो प्लॉटच्या आकाराविषयी. महालनोबीस काही फूट त्रिज्येचे वर्तुळाकार छोटे तुकडे पसंत करीत. ते लवकर कापून होत असल्याने त्याच खर्चात पुष्कळ जागी कापणी करता येई आणि प्रमाण त्रुटी कमी होई. सुखात्मे यांचा आक्षेप असा होता की, तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड मोठी, आणि कडेवर उभे असलेले रोप आत धरावे की बाहेर, हा निर्णय शेवटी कापणाऱ्याच्या हाती असतो. भरले कणीस सोडून देण्यापेक्षा ते आत घेण्याकडेच हाताचा कल असतो. समजा, सर्व बाजूंनी केवळ तीन इंच जास्त कापले गेले. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र १२·६ वरून १५·९ चौ. फूट होते, म्हणजे उत्पन्न २७ टक्क्यांनी फुगते. हाच प्रकार ३३ फूट × १६·५ फूट, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या भागाच्या आयतात घडला, तर वाढ पाच टक्क्यांहून कमी राहते. मुरादाबाद जिल्ह्यातील सिंचित गव्हावर निरनिराळ्या आकारांचे प्लॉट कापून सुखात्मे यांनी ही अभिनती, म्हणजे एकाच दिशेचा झुकाव, प्रत्यक्षातही आढळते असे दाखविले आणि १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशी अभिनती प्रतिदर्शांची संख्या वाढवून घटत नाही. शंभर तुकडे कापले काय किंवा दहा हजार, प्रत्येकात तीच चूक असल्यास माध्यातही ती तशीच उतरते. उलट प्रमाण त्रुटी मात्र लहान दिसू लागल्याने चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो.

महालनोबीस यांची बाजूही दुर्लक्षणीय नव्हती. प्रशिक्षित, पूर्णवेळ आणि स्थानिक हितसंबंधांपासून दूर असलेले कर्मचारी असतील आणि तुकडा अगदीच लहान नसेल, तर कडेची चूक आटोक्यात राहते, असे त्यांचे म्हणणे होते. परिषद मात्र महसूल व कृषी खात्यांच्या गावपातळीवरील सेवकांकडूनच काम करवून घेण्याच्या मताची होती. त्यामुळे आकारावरील वाद बऱ्याच अंशी कापणी कोणी करावी याविषयीचा होता, असे म्हणता येते. राज्यांच्या नियमित पीक-आकलनात अखेर मोठा आयताकृती प्लॉट स्वीकारला गेला. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने आपल्या पीक-पाहण्यांत वर्तुळाकार तुकडे चालू ठेवले. तिचे आणि कृषी खात्याचे धान्योत्पादनाचे आकडे दोन दशके जुळले नाहीत. पुढे १९७३-७४ पासून कृषी आकडेवारी सुधारण्याच्या योजनेखाली राज्यांच्या प्रयोगांची नमुन्यादाखल तपासणी करण्याची व्यवस्था झाली.

सद्यःस्थिती : बऱ्याच पिकांसाठी १० मी. × ५ मी. चा प्लॉट वापरतात. तो जुन्या ऐंशीव्या भागाच्या प्लॉटचे मेट्रिक रूप होय. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यदृच्छ अंकांच्या जोडीनुसार पावले मोजून प्लॉटचा कोपरा निश्चित करतात, दोरी व खुंट्यांनी तो आखतात, आणि कापणी, मळणी व वजन तेथेच करतात. काही नमुने वाळवून ओलाव्याची घट काढली जाते. महाराष्ट्रात हे प्रयोग महसूल, कृषी व जिल्हा परिषद यांच्या ग्रामपातळीवरील सेवकांमध्ये वाटून दिलेले असतात.

वि. म. दांडेकर (१९२०–९५) यांनी १९७६ मध्ये सुचविलेल्या क्षेत्राधारित पीकविम्यामुळे या माध्याला नवे महत्त्व आले. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे न मोजता, ठराविक क्षेत्राचे सरासरी उत्पन्न उंबरठा-उत्पन्नाखाली गेल्यास तेथील सर्व विमाधारकांना भरपाई द्यावी, असे तिचे सूत्र आहे. १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजना या तत्त्वावर आधारलेल्या आहेत. विम्याचा घटक जितका लहान तितका तो शेतकऱ्याच्या अनुभवास जवळचा. पण त्याच प्रमाणात एका घटकाच्या वाट्याला येणारे प्रयोग कमी. २०१६ च्या योजनेत मुख्य पिकांसाठी गावपातळीवर किमान चार प्रयोगांची अट घालण्यात आली. राज्य पातळीवर हजारो प्रयोगांचे माध्य स्थिर असले, तरी एका गावाचा निर्णय चार प्लॉटांवर ठरतो, आणि तेथे ‘स्टूडंट’ यांनी दाखविलेली रुंद मर्यादाच लागू पडते. मोबाइलवर घेतलेली स्थाननिश्चित छायाचित्रे प्रयोग ठरलेल्या जागी झाला की नाही हे दाखवितात. उपग्रहांवरील प्रतिमांची जोड देऊन ही मर्यादा अरुंद करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. या प्रतिमांची अचूकता तपासण्यासाठीही प्रत्यक्ष कापलेल्या प्लॉटांचीच उत्पन्ने वापरावी लागतात.