नरक्याची साल

नंदुरबारात 1925 साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबईत रसायनशास्त्र शिकले, विल्सन कॉलेजात त्यांनी काही काळ शिकवलं आणि पुढे अमेरिकेला गेले. तिथे नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना, 1966 साली, त्यांनी एका चिनी झाडातून मिळालेल्या कॅम्प्टोथेसिनची रचना उलगडली. कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारं हे द्रव्य. वनस्पतिशास्त्र शिकवताना मी वाणींचं नाव आवर्जून घेते, पण या इतिहासाचं पुढचं पान मला जास्त जवळचं. 1972 मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या घाटातल्या नरक्यात सापडलं, तेही भरघोस.

नरक्या तसं लहानसंच झाड. आंबोली, राधानगरीच्या रानात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. पावसाळ्यात फुललं की असा दर्प सुटतो की नाक धरावं लागतं. त्याच्या सालीत दडलेलं रसायन मात्र थक्क करणारं आहे. प्रथिनांसाठी प्रत्येक झाड ट्रिप्टोफॅन बनवतंच. त्यातून ट्रिप्टामिन तयार होतं. दुसरीकडे जिरॅनिऑलपासून, म्हणजे रोशा गवताला वास देणाऱ्या द्रव्यापासून, पायरीपायरीने सेकोलोगॅनिन बनतं. विकरं या दोघांना जोडतात आणि स्ट्रिक्टोसिडीन किंवा त्याच्या अगदी जवळचं संयुग तयार होतं. तिथून वाटा फुटतात. सदाफुलीत ती वाट विनक्रिस्टिनला जाते, सिंकोनात क्विनीनला, नरक्यात कॅम्प्टोथेसिनला. या तिघांना मी एकाच तासात शिकवते, वेगवेगळं शिकवायला मन घेत नाही.

डीएनएचा पीळ सैल करणारं एक विकर असतं. कॅम्प्टोथेसिन त्यालाच डीएनएवर जखडून टाकतं. हे विकर झाडाच्या पेशीतही असतं. मग झाड स्वतः कसं वाचतं? 2008 साली जपानी संशोधकांनी चिनी झाडाबाबत याचं उत्तर दिलं: त्याच्या विकरातलं एक अमिनो आम्ल बदललेलं आहे, म्हणून विष त्याला धरत नाही.

माणसांवरचे पहिले प्रयोग मात्र फसले. 1970च्या दशकात दिलेल्या कॅम्प्टोथेसिनच्या क्षाराने रुग्णांच्या मूत्राशयाला गंभीर इजा होऊ लागली आणि काम थांबलं. ते डीएनएवरच्या त्या विकरालाच जखडतं हे गूढ 1985 मध्ये उकललं, तेव्हा पुन्हा आशा जागली. 1996 साली अमेरिकेत टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोन औषधांना मान्यता मिळाली. दोन्ही प्रयोगशाळेत घडवलेली, पण त्यांचा कच्चा माल झाडातूनच काढलेला.

आणि मग घाटात कुऱ्हाडी चालल्या. द्रव्य साल आणि मुळांत जास्त, म्हणून झाड मुळासकट उपटायचं, तुकडे करून वाळवायचं, गोण्या भरून चोरवाटेने खाली उतरवायचं. वनखात्याने माल पकडल्याच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या लोकांना नव्या नाहीत. गोणी वाहणाऱ्या गड्याला त्या लाकडातून कोणतं औषध निघतं हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. माझा राग त्याच्यावर नाही. गोरेगावचा शोध 1972चा, औषधं 1996ची. रोपवाटिका उभ्या करायला मध्ये चोवीस वर्षं होती.