विद्यार्थी गृहश्रमदान, दिल्ली परिसर

दिल्ली व तिच्या भोवतालच्या राजधानी परिसरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अंगमेहनत, तांत्रिक ज्ञान किंवा गोळा केलेला निधी देऊन निर्वासित, विस्थापित व गरीब कुटुंबांच्या घरबांधणीस केलेले साहाय्य. महाराष्ट्रात श्रमदान म्हटले की बाबा आमटे यांनी सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी आठवते. दिल्लीत मात्र असे एकच केंद्र कधी झाले नाही. तिथले बहुतेक प्रयत्न एखाद्या स्थलांतरातून किंवा आपत्तीतून उभे राहिले आणि खुद्द शहरात पहिली अडचण आली ती जागेची.

फाळणीनंतर दिल्ली विद्यापीठाला लागूनच किंग्जवे कॅम्पमध्ये निर्वासितांची मोठी छावणी पडली. तिथे राबणाऱ्या तरुणांत दिल्ली विद्यापीठात शिकलेले लक्ष्मीचंद जैन (१९२५–२०१०) होते. १९४२च्या आंदोलनात उतरलेल्या या विशीतल्या कार्यकर्त्याकडे छावणीच्या एका भागाची जबाबदारी आली. धान्य व कपडे वाटून भागणार नाही, माणसांना काम आणि छप्पर दोन्ही हवे, हे तिथे काम करणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने १९४८ साली भारतीय सहकारी संघ स्थापन झाला आणि जैन त्या कामात शिरले.

या कामाचा सर्वांत मोठा प्रयोग फरिदाबादला झाला. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या सुमारे तीस हजार निर्वासितांनी विखरून जाण्यास ठाम नकार दिला होता. त्यांच्यासाठी १९४९ मध्ये विकास मंडळ नेमण्यात आले. सुधीर घोष मुख्य प्रशासक झाले आणि पंडित नेहरूंनी स्वतः या कामात लक्ष घातले. कंत्राटदाराऐवजी निर्वासितांच्याच सहकारी संस्थांनी घरे बांधावीत, हा यातला कळीचा निर्णय होता. दुकानदारी व सावकारीत आयुष्य गेलेल्या माणसांना हाती फावडे घेणे सुरुवातीला मानवले नाही. पण मजुरी रोख मिळत होती आणि घरही आपलेच उभे राहत होते. शाळांची घडी बसवण्यासाठी सेवाग्रामहून आशादेवी आर्यनायकम् आल्या. पुढे कारभार सरकारी खात्याकडे गेला आणि सहकाराचा जीव आटत गेला. जैन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द सिटी ऑफ होप’ या पुस्तकात ती हकिकत आहे. फरिदाबाद आज औद्योगिक शहर म्हणून ओळखले जाते. ते निर्वासितांनी स्वतः बांधले, ही ओळख पुसली जाऊ नये.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या शिबिरांतून श्रमदान देशभर पोहोचले, परंतु सात दिवसांच्या शिबिरात रस्ता, बांध किंवा स्वच्छता होते. घर सहसा होत नाही.

दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमधून निघालेला प्रयत्न अधिक टिकला. तिथे शिकणाऱ्या मनू गुप्ता व अंशू शर्मा यांनी १९९४ मध्ये ‘सीड्स’ ही संस्था काढली. २००१च्या भूकंपानंतर तिने गुजरातमध्ये पुनर्वसनाचे काम केले. २००६ साली राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात, वाळवंटात, महापूर आला. तिथे मातीचे दाबून केलेले ठोकळे वापरून सुमारे ३०० गोल घरे उभारण्यात आली. घराचा गोल आकार तिथल्या ढाण्यांमधल्या, म्हणजे छोट्या वस्त्यांमधल्या, जुन्या झोपड्यांचाच होता. मातीत थोडे सिमेंट मिसळून भिंत पाण्याला टिकेल अशी केली, एवढीच भर. २०२१चा सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार संस्था-गटात सीड्सला मिळाला.

खुद्द दिल्लीतल्या अडचणीचे नेमके दर्शन सावदा घेवरा वसाहतीत घडते. शहराच्या पश्चिम टोकाला, मुंडक्याच्याही पलीकडे, २००६ पासून मध्यवर्ती भागातल्या तोडलेल्या झोपडपट्ट्यांतील कुटुंबांना इथे आणून बसवले. मिळालेला भूखंड १८ किंवा अवघा १२.५ चौरस मीटरचा. दुसरा म्हणजे जेमतेम १३५ चौरस फूट. त्यात चूल, झोपायची जागा, जिना आणि संडास बसवायचा. जिना आत घेतला तर खोली उरत नाही, म्हणून तो गल्लीत येतो. वरचा मजला गल्लीवर पुढे काढला जातो. संडासाची टाकी जमिनीखाली घ्यावी तर ती उपसायला गाडी आत शिरत नाही.

लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या वास्तुकला विभागातील विद्यार्थ्यांनी दिल्लीच्या ‘क्युअर’ या संस्थेबरोबर इथे काम केले. घरे, गल्ल्या मोजल्या; कोणी कसे बांधले, पैसा कुठून आणला, हे घरोघरी विचारले. त्याच सहकार्यातून वास्तुविशारद ज्युलिया किंग यांचे काम पुढे गेले आणि ए ब्लॉकमधील ३२२ घरांसाठी सामायिक मलनिस्सारण व्यवस्था आखण्यात आली. प्रत्येक घराखाली टाकी घेण्याची गरज संपली, की त्या १३५ चौरस फुटांत घरचा संडास बसतो आणि बाईमाणसाला पहाटे शेताकडे जावे लागत नाही. विद्यार्थ्यांच्या हातून झालेल्या कामांत विटा रचण्यापेक्षा हे मोजमाप आणि ही विचारपूस अधिक मोलाची ठरली.

निधी उभारून घर बांधण्याची पद्धत भारतात मुख्यतः हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेमुळे परिचित झाली. अमेरिकेत १९७६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९८३ साली खम्मम येथे भारतात आली. स्वयंसेवक मित्र-नातलगांकडून पैसे जमवतो, मग बांधकामावर राबतो. घर मिळणारे कुटुंबही आपल्या श्रमाचा वाटा देते. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली-पाटण येथे जिमी व रोझलिन कार्टर यांच्यासह जगभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी आठवडाभरात शंभर घरांचे काम हाती घेतले, ते महाराष्ट्रातील या पद्धतीचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण. अशा कामात पाहुण्याने विटा उचलण्याआधीच पाया, गवंडी आणि सामान यांची तयारी झालेली असावी लागते. जमीन कुटुंबाच्या नावावर असणे तर त्याहून आधी.

दिल्लीत हीच अट पुरी होत नाही. विकासयोग्य जमिनीचा मोठा हिस्सा १९५७ साली स्थापन झालेल्या दिल्ली विकास प्राधिकरणाच्या हाती आहे. सावदा घेवरासारख्या पुनर्वसन वसाहतींतील भूखंड परवान्यावर दिले गेले, मालकीने नव्हे. त्यामुळे बँक कर्ज देत नाही आणि देणगीदारही कचरतो. अलीकडे धोरणाचा ओढा बहुमजली सदनिकांकडे आहे. कालकाजी येथे भूमिहीन कॅम्प या झोपडपट्टीच्या रहिवाशांसाठी बांधलेल्या ३,०२४ सदनिकांचे उद्घाटन २ नोव्हेंबर २०२२ रोजी झाले. अशा इमारतीच्या बांधकामात हौशी हातांना जागा नसते. पात्रतेची कागदपत्रे जुळवणे, घरांची मोजणी, सोसायटीचा कारभार आणि लिफ्ट-पाण्याच्या खर्चाचा हिशेब या कामांत मात्र रहिवाशांना शिकलेल्या मुलामुलींची गरज पडते.