परदेशी माणसाला मूल 'दिलं' म्हणजे नेमकं काय दिलं?

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. पण आपल्या जिल्ह्याशी संबंध आहे, म्हणून लिहितोय.

पेण-रोह्याकडे एखादं टाकलेलं बाळ सापडलं की नाक्यावर चर्चा ठरलेली असते. "अशी पोरं फॉरेनला पाठवतात." पाठवतात, हे खरं. पण कोणत्या कागदावर, हे कुणी विचारत नाही.

१९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी (बौद्ध, जैन, शीख त्यातच). ख्रिस्ती, मुसलमान, पारशी बाहेर, आणि परदेशी जोडपंही बाहेर. मग त्यांच्यासाठी वाट काय? इंग्रजांचा १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. मूल ज्या जिल्ह्यात राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. आपल्यासाठी ते अलिबाग. न्यायालय त्यांना आई-बाप करत नसे, फक्त 'पालक' नेमत असे आणि मूल परदेशी न्यायला परवानगी देत असे. खरं दत्तक तिकडे, त्यांच्या कायद्याने. ते होईपर्यंत पोर मधेच लटकलेलं. तिकडे कुणाचं मन फिरलं तर अलिबागचा हात तिथवर कसा पोचणार?

१९७२ आणि १९८० मध्ये सर्वधर्मीयांसाठी दत्तक विधेयकं आली. दोन्हींचा कायदा झाला नाही.

मग १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. आधार होता एका परदेशी नियतकालिकातल्या शोधबातमीचा. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं! न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं आणि ६ फेब्रुवारी १९८४ ला न्या. भगवतींनी निकाल दिला. आधी भारतीय घर शोधा. परदेशी जोडप्याची चौकशी त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्या. मुलाचा अहवाल तयार करा. सुनावणी गुप्त ठेवा. पुढे १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा आली. २००३ मध्ये भारताने हेग कराराला मान्यता दिली.

कुणी म्हणेल, एवढे कागद कशाला, चांगली माणसं असतात की. असतात. पण रोह्याच्या शेजारचं मुरूड आठवा. मुंबईत आणि मुरूडला 'अँकरेज' नावाची निवारागृहं होती, रस्त्यावरच्या मुलांसाठी. चालवणारे ब्रिटिश. तिथे दत्तक नाही, पालकत्व नाही, नुसता सांभाळ. मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल दोघा ब्रिटिशांना २००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सोडलं, आणि १८ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. सगळेच परदेशी तसे नसतात. पण विचारणारं कुणी नसलं की काय होतं, ते आपल्याच किनाऱ्यावर दिसलं.

आज २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्यात परदेशी जोडपंही थेट आई-बाप होतं. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. मूल परदेशी गेल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करावा लागतो.

पण हे सगळं उभं राहतं पहिल्या कागदावर: बाळ कुठे, कधी, कुणाला सापडलं. तो कागद आपल्याच पोलीस ठाण्यात होतो. त्या काळी गेलेली मुलं आता मोठी झालीत, मूळ शोधत येतात. १९८१ आधीच्या कागदावर जिल्हा 'कुलाबा' असणार. युरोपातून आलेला माणूस तो मुंबईच्या कुलाब्यात शोधत बसेल!

म्हणून सांगतो. बाळ सापडलं तर "ओळखीत मूल नसलेलं जोडपं आहे" म्हणून परस्पर देऊ नका. २४ तासांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. १०९८ ला फोन करा किंवा पोलिसांना सांगा. आणि नोंद नीट लिहून घ्या, गावाच्या नावासकट. उद्या त्या पोराला आपण कुठले हे सांगणारं दुसरं काही नसेल.