आभासी यंत्रातील उपकरण काढून घेण्याची समस्या : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संगणक चालू असतानाच त्यास जोडलेले उपकरण काढून घेण्याच्या क्रियेस 'हॉट-अनप्लग' असे म्हणतात. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी आपण संगणकाला तशी सूचना देतो, हे या क्रियेचे सर्वपरिचित उदाहरण होय. एका मोठ्या संगणकावर एकाच वेळी अनेक आभासी यंत्रे चालविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. या यंत्रांमधील डिस्क, नेटवर्क कार्ड इत्यादी उपकरणे बहुधा प्रत्यक्षात नसतात. एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम त्यांचा आभास निर्माण करतो. जे प्रत्यक्षात नाही ते काढून टाकणे सोपे असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. क्यूएमू या एम्युलेटरचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

आभासी यंत्राची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये जाहीर केलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत आभासी यंत्रापासून उपकरण वेगळे करण्यासाठी 'डिटॅच' ही आज्ञा होती. वैयक्तिक संगणकाच्या क्षेत्रात मात्र अशी सोय उशिरा आली. १९९६ मध्ये यूएसबी व एसीपीआय ही मानके प्रसिद्ध झाली, तर १९९७ मध्ये पीसीआय कार्डांसाठी हॉट-प्लगचे मानक तयार झाले. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये क्यूएमू प्रसिद्ध केले. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएमचा समावेश झाला आणि त्याच्या जोडीने क्यूएमूचा वापर सर्व्हरवर होऊ लागला. सर्व्हर बंद ठेवणे परवडत नसल्याने चालू यंत्रात उपकरणे जोडण्याची व काढण्याची गरज भासू लागली. डिसेंबर २००९ मधील ०.१२ या आवृत्तीत त्यासाठी 'डिव्हाइस ॲड' व 'डिव्हाइस डेल' या आज्ञा उपलब्ध झाल्या.

काढून घेण्याची प्रक्रिया :

या दोन आज्ञा परस्परांच्या उलट दिसत असल्या तरी त्यांचे स्वरूप भिन्न आहे. नवे उपकरण एम्युलेटर एकट्याने उभे करू शकतो. काढून घेण्यासाठी मात्र पाहुण्या प्रणालीची, म्हणजे आभासी यंत्रात चालणाऱ्या लिनक्स वा विंडोजची, संमती लागते. कारण त्याच क्षणी ती डिस्कवर माहिती लिहीत असू शकते. एसीपीआय पद्धतीत ही प्रक्रिया तीन टप्प्यांत होते. प्रथम एम्युलेटर विनंती करतो. नंतर पाहुणी प्रणाली उपकरणाचा वापर थांबवते आणि त्याचा स्लॉट दर्शविणारी संख्या एका ठरावीक पोर्टवर लिहून संमती कळवते. शेवटी एम्युलेटर ते उपकरण नष्ट करून त्याने व्यापलेली मेमरी मुक्त करतो.

२०११ मधील दोष :

या प्रक्रियेतील उणीव २०११ मध्ये उघड झाली. सीव्हीई-२०११-१७५१ या क्रमांकाने तिची नोंद आहे. पाहुण्या प्रणालीने पोर्टवर संख्या लिहिली, की एम्युलेटर ते उपकरण नष्ट करीत असे; ते काढण्याजोगे आहे किंवा नाही, हे तपासले जात नव्हते. त्यामुळे पीसीआय-आयएसए ब्रिजदेखील काढता येत असे. प्रत्यक्ष मदरबोर्डवर ही चिप सोल्डर करून पक्की बसविलेली असते. प्रोग्रॅममध्ये असे सोल्डर नसते. तेथे तो निर्बंध शब्दांत लिहावा लागतो, आणि तोच लिहिलेला नव्हता. ब्रिजबरोबर त्यास जोडलेले घड्याळही नष्ट होई, परंतु त्याचा टायमर यादीत तसाच राही. टायमरची वेळ होताच एम्युलेटर मुक्त झालेल्या मेमरीकडे वळे. तेथे आपली माहिती आधीच पेरून ठेवणाऱ्यास यजमान संगणकावर स्वतःचा प्रोग्रॅम चालविणे शक्य होते. नेल्सन एल्हेज यांनी ऑगस्ट २०११ मध्ये लास व्हेगास येथे 'व्हर्चुनॉइड' या नावाने हे दाखवून दिले.

या हल्ल्यास पाहुण्या प्रणालीतील प्रशासकाचे अधिकार आवश्यक होते. परंतु भाड्याने घेतलेल्या आभासी यंत्रात ते अधिकार भाडेकरूकडेच असतात. एकाच यजमान संगणकावर अनेक ग्राहकांची यंत्रे असल्याने दोषाचे गांभीर्य स्पष्ट होते.

नंतरच्या सुधारणा :

काढता न येणारे उपकरण वगळण्याची तपासणी लगेच घालण्यात आली. २०१२ च्या सुमारास क्यूएमूमध्ये आलेल्या नव्या वस्तुरचनेत उपकरणाचे किती संदर्भ शिल्लक आहेत, याची मोजणी होऊ लागली. 'डिव्हाइस डेल' ही आज्ञा स्वीकारली गेली, याचा अर्थ केवळ विनंती पोहोचली असा होता; उपकरण खरोखर गेल्याची सूचना देण्याची सोय मे २०१३ च्या १.५ या आवृत्तीत झाली. पाहुण्या प्रणालीने नकार कळविल्यास त्याची सर्वसामान्य सूचना देण्यासाठी डिसेंबर २०२१ ची ६.२ ही आवृत्ती यावी लागली.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, विनंती, संमती व विसर्जन या तीन स्वतंत्र क्रिया असून त्यांना एकच समजल्याने दोष उद्भवतात. दुसरी, यंत्राचे अनुकरण करताना त्याच्या क्षमतांइतकेच त्याच्या मर्यादांचेही अनुकरण करणे आवश्यक असते. प्रत्यक्ष यंत्रात या मर्यादा धातूने आपोआप सांभाळल्या जातात, म्हणून त्या सहसा लक्षात येत नाहीत. प्रोग्रॅम लिहिण्याच्या अध्यापनात मेमरी कशी मिळवावी यावर जेवढा भर दिला जातो, तेवढाच ती केव्हा व कोणाच्या संमतीने सोडावी यावरही दिला जावा, असे या इतिहासावरून म्हणता येईल.