हातहत्यारांची दुरुस्ती व निगा

सुतारकाम व जोडारीकामातील गंजलेली, झिजलेली किंवा बोथट झालेली हत्यारे पुन्हा कामाजोगी करण्याची आणि तशीच राखण्याची कामे. पटाशी, रंध्याचे पाते व छन्नी प्रामुख्याने उच्च-कार्बन पोलादाची असतात. हे पोलाद लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात विझवतात व पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. यालाच पाणी देणे म्हणतात. दुरुस्ती करताना हे पाणी उतरू न देणे सर्वांत महत्त्वाचे असते.

गंज : वरवरचा गंज रॉकेल लावून तारेच्या ब्रशने निघतो. मुरलेल्या गंजासाठी हत्यार व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवतात. नंतर ते सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून लगेच तेल लावतात. अन्यथा त्यावर पुन्हा गंज धरतो.

धार : पटाशीचा उतार साधारण २५ अंशांचा असतो, दगडावर धारेची कड ३० अंशांपर्यंत घासतात. खांडे पडले असल्यास आधी ग्राइंडरवर घासतात. तेथे पाते वरचेवर पाण्यात बुडवावे लागते. धारेवर गवती पिवळा रंग दिसला, की तापमान सुमारे २२० अंश सेल्सिअसवर गेलेले असते. निळा रंग सुमारे ३०० अंशांना येतो आणि तेवढा भाग मऊ पडतो. तो घासून टाकावा लागतो किंवा पात्याला नव्याने पाणी द्यावे लागते. दगडावर घासताना कडेला बारीक लव उठते. पात्याची पाठ दगडावर सपाट टेकवून ती काढतात. पाठीवर गंजाचे खड्डे असल्यास धार सलग येत नाही, म्हणून पाठ आधी सपाट करतात.

छन्नी : घाव बसून छन्नीचे डोके छत्रीसारखे पसरते. त्याचे तुकडे उडून डोळ्यांना इजा होऊ शकते, म्हणून पसरलेली कड वेळीच घासून काढतात.

करवत : दातांची उंची कानशीने सारखी करून दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवतात. त्यामुळे काप पात्याहून रुंद पडतो व करवत अडकत नाही. शेवटी तिकोनी कानशीने प्रत्येक दात घासतात.

दांडा : सैल हातोडा पाण्यात भिजवल्यास लाकूड फुगून तात्पुरता घट्ट बसतो, वाळल्यावर तो अधिकच ढिला होतो. नवी पाचर ठोकणे किंवा बाभळीसारख्या चिवट लाकडाचा दांडा बसवणे हाच टिकाऊ उपाय.

साठवण : हत्यारे धारेला धार न लागेल अशी, कोरड्या जागी ठेवतात. पावसाळ्यात लोखंडी भागांवर तेलाचा पातळ हात वरचेवर फिरवावा लागतो.